अंगठ्याच्या मापाची गोधडी

कुणीतरी या षटकोनाचा कोपरा खाल्लाय! आत्याचा साचा हातात घेतला तेव्हा पहिलं हेच ओरडलो. नाही, मला सांगा, सहा कोपऱ्यांचा साचा, त्यातले पाच टोकदार आणि सहावा पोरानं चघळल्यासारखा, ही काय पद्धत झाली? तुम्हाला सांगतो, आत्या गेली, तिची गोधडी अर्धी राहिली, एकोणीस तुकडे बाकी, आणि मी छाती ठोकून म्हणालो, ही मी पुरी करणार! कला अशी मरू द्यायची का? फोनवर धाकटी बहीण, “दादा, तुला सुईत दोरा तरी ओवता येतो का रे?” ओवला! तीन तासांत ओवला!

तर साचा. बुटाच्या खोक्याच्या झाकणातून आत्यानं कापलेला, चाळीस वर्षं कापडावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवलेला. मी म्हटलं, काम करायचं तर शास्त्रशुद्ध! कोनमापक घेतला, नेमका नवा साचा कापला आणि जुना... जुना कचऱ्यात. आणि कचऱ्याची गाडी, जी एरवी चार-चार दिवस फिरकत नाही, ती नेमकी तेव्हाच यायची होती!

नवे तुकडे जोडले, तर गोधडीला पोट सुटलं! उलटून बघतो, तर आत्याच्या प्रत्येक तुकड्याचा एक कोपरा बोथट. तिथं ती अंगठा दाबून धरायची हो! अंगठ्यानं साचा झिजला आणि बाईनं अख्खी गोधडी त्या झिजेच्या मापानं बेतली! बोथट बाजू आत घ्यायची की बाहेर, किती दाबायचं, किती सोडायचं... आता विचारायचं कुणाला?

रोज नवा पुठ्ठा, रोज नवा साचा, रोज नवं पोट. पुठ्ठे देणारे खालचे स्टेशनरीवाले काका म्हणतात, “तिचाच एक तुकडा उसव, पुठ्ठ्यावर ठेव, पेन्सिल फिरव. संपलं!” संपलं म्हणे! आत्याचे टाके मी उसवू? तिच्या हातचं दुसरं उरलंय काय घरात? तरी बसलो. कात्री टाक्यापर्यंत नेली आणि तोंडातून निघून गेलं, “आत्या, हा चालेल का गं?”... कात्री तशीच मिटून खाली ठेवली. विचारायचं कुणाला?

परवा हिशेब केला, दिवसभरात मी तोंडातून किती वाक्यं काढली? एक. “काका, एक पुठ्ठा द्या.” हसू नका!

आज आठवा दिवस, पुन्हा जिना उतरलो. काखेत गोधडी, खिशात कात्री... कशाला घेतली, मला विचारू नका. म्हटलं, काका, एक पुठ्ठा द्या. काका चष्म्यावरून बघतात, गोधडीकडे, मग माझ्याकडे, आणि म्हणतात, “पुठ्ठा कालच संपला. स्टूल आहे, बस. मी धरतो, तू उसव.”