धाकट्यानं आधी उचलायचं

मनकर्णाबाई : नाही, तूच सांग रीता. मोठा भाऊ तीन वर्षांनी फोन करते, अन् तुझा नवरा काय म्हणते? ‘नको, दादा.’ बस. फोन ठेवला अन् त्या कॉम्प्युटरच्या डब्ब्यापाशी जाऊन बसला. याले माणूस म्हणावं का खांब? खांबाले निदान गाय तरी बांधता येते.

रीता : आई, हळू. दार नुसतं लोटलेलं आहे. सगळं ऐकू जातं आत.

मनकर्णाबाई : जाऊ दे. त्याच्याचसाठी बोलून राहिली. तुले काय ऐकवायचं, तुले तर मी तोंडपाठ झाली.

रीता : पण दादा म्हणाले तरी काय?

मनकर्णाबाई : रायपूरले बदली झाली म्हणे. फुलचूरचं घर खाली करून राहिले. गावच्या मंडईची जत्रा झाली का सामान गाडीत. म्हणे, ‘तलावाखालच्या धानाच्या बांध्या आता शुभमनंच कराव्या. ठेक्यानं देऊन देऊन धुरे फुटले त्याईचे. त्याच्या नावानं करून देतो.’ मी बाजूलेच उभी होती. बिसरामचा आवाज फोन फोडून बाहेर येते, बापावर गेला तो. अन् हा म्हणते ‘नको’.

रीता : त्यांना वाटलं असेल, दादांच्या वाट्याचं आहे, आपण कसं घ्यायचं? इतकं काय टेन्शन घेता तुम्ही?

मनकर्णाबाई : वाटणीच्या दिवशीही त्याले असंच वाटलं होतं. तू तेव्हा आत चहा करत होतीस, तुले काय माहीत! आमच्यात मोठ्यानं वाटे पाडायचे अन् धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे कसं, मोठ्याच्या मनात खोट असली तर ती त्याच्याच पदरात पडते. बिसरामनं दोन वाटे मांडले. इकडं तलावाखालच्या बांध्या. तिकडं टेकरी. टेकरीवर पाणी पाहुण्यावानी येते, चहा पिते अन् निघून जाते. आंधळ्यालेही समजे का चांगला वाटा धाकट्यासाठी मांडून ठेवला आहे. अन् पाच माणसाईत यानं उचलली टेकरी!

रीता : मग मन मोठंच झालं ना यांचं?

मनकर्णाबाई : मन मोठं, अक्कल आखूड. गावातला तो उदाराम तिथंच बसला होता सुपारी कातरत. म्हणते कसा, ‘वा रे बिसराम, पोट्ट्याले आधीच पढवून ठेवलं वाटते.’ हसले सगळे. अन् बिसराम कोणाकडं पाहे ना. जसं कोणाच्या पुढं वाढलेलं ताट ठेवावं अन् त्यानं ते सरकवून द्यावं. दुसऱ्या महिन्यात फुलचूरले गेला राहायले.

रीता : मला तर यांनी सांगितलं, दादा उगाच रागावून गेले.

मनकर्णाबाई : उगाच! चल सरक. आज मी पाहतेच काय आहे त्या डब्ब्यात.

(दार उघडतं. आत जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर.)

मनकर्णाबाई : ऊठ.

शुभम : पाच मिनिटं, माय.

मनकर्णाबाई : तुझे पाच मिनिटं परवापासून चालून राहिले. तिरोड्यात लोक फारम भरायले येतेत अन् तुझ्या दुकानाचं कुलूप पाहून जातेत. कायले बसला आहेस इथं?

शुभम : मंडईच्या आधी पुरा करायचा आहे. दादा जायच्या आधी त्याले पाठवतो.

मनकर्णाबाई : पाठवतो! फुलचूर काय विलायतेत आहे? अन् काय पाठवतोस? हे ठिपके?

शुभम : गेम आहे. लहानपणी आम्ही खेळत होतो ना, तशातला. आम्ही दोघंच बनवणार होतो मोठे झाल्यावर. तुले नाही समजणार.

मनकर्णाबाई : मले तुम्ही दोघं समजून राहिले, हा डब्बा कोण लागून गेला? सांग.

शुभम : तेव्हाचे गेम निराळे होते, माय. एक गडी निवडायचा, त्याचं नाव ठेवायचं, अन् त्याच्यावानी वागायचं. गावोगाव फिरायचं, भेटन त्याच्याशी बोलायचं. आपण काय उत्तर देतो त्यावर पुढचं ठरे. आताच्या गेममध्ये बाण दाखवते, इकडं जा, तिकडं जा. तेव्हा बाण नव्हता. कोणी म्हातारा म्हणे, ‘वडाच्या झाडापासून डाव्या हाताले’, ते नीट नाही ऐकलं का हरवलाच समज. दादा बटनं दाबे, मी डिक्शनरीत शब्द पाहो. अन् लाईट गेली का सगळं पहिल्यापासून. तरी मजा ये.

रीता : आणि नकाशा धान्याच्या ढोल्यामागच्या भिंतीवर काढायचे. कोळशानं. अजून आहे तो.

शुभम : त्याच्याच वरून उतरवला मी हा. तसाच्या तसा.

मनकर्णाबाई : भल्ली मार खाल्ली होती त्या भिंतीपायी दोघांनी. ढोला आड येते, माझा हात पोचत नाही, म्हणून राहिला तो. नाहीतर कधीच माती लावली असती.

रीता : आई, यंदा दिवाळीत तर ढोला हलवला होता आपण.

मनकर्णाबाई : तू चूप राह्य. सरक रे तिकडं. काय दाबायचं?

शुभम : तू खेळशील?

मनकर्णाबाई : खेळत नाही, पाहते. काय दाबायचं ते सांग.

शुभम : हे चार बाण, चालायचे. हे मोठं बटन बोलायचं, उघडायचं, सगळ्याचं. हां, चाल. ते घर दिसते ना? जा आत. कोपऱ्यात मडकं आहे. त्याच्यासमोर उभी राहून मोठं बटन दाब, आत काही सापडते.

मनकर्णाबाई : कोणाचं घर?

शुभम : कोणाचं नाही. गेममधलं.

मनकर्णाबाई : मडकं आहे म्हणजे बाई आहे. तिले विचारलं का?

शुभम : सगळ्या गेममध्ये असंच राहते, माय. दुसऱ्याच्या घरात शिरायचं, मडके उघडायचे, जे असन ते थैलीत टाकायचं. कोणी काही म्हणत नाही.

मनकर्णाबाई : वा! दुसऱ्याच्या मडक्यातलं, न विचारता, ते चालते. अन् सख्खा भाऊ बोलावून हातात देते, तर नको.

रीता : बरोबर लागला आईंचा नेम.

शुभम : तू कोणाकडून आहेस?

रीता : मी कुणाकडून नाही. मी नुसती बघतेय. आई, ती बघा, तलावाच्या पाळीवर एक बाई उभी आहे. बोला तिच्याशी.

मनकर्णाबाई : थांब, वाचू दे. को... ण... होय... गा. पाय... पुसून... ये. हे काय! ही मी होय का?

शुभम : नाही, माय.

रीता : नथ तर तुमचीच आहे.

मनकर्णाबाई : मले इतकी बुटकी काऊन केली?

शुभम : सगळेच तितके आहेत. चौकोनाचे बनवले.

मनकर्णाबाई : मग मी एक चौकोन जास्तीची पाहिजे होती. अन् तलावाच्या पाळीवर पाय कायले पुसायचे? घरात पुसतात. पुढं सांग.

शुभम : आता पाळीवरून सरळ. ती गुफा. कचारगडच्या जत्रेले गेलो होतो ना, दादा म्हणे, ‘शुभ्या, आपल्या गेममध्ये गुफा अशीच ठेवू, तोंड मोठं अन् आत काही दिसलं नाही पाहिजे.’ तीच ही.

मनकर्णाबाई : माझ्यासमोर हा कोण चालून राहिला? लाल कुडत्याचा?

शुभम : दादा. तो पुढं राहते, तू मागं.

मनकर्णाबाई : म्हणजे मी तू होय?

शुभम : हो.

मनकर्णाबाई : देवा! या वयात हे दिवस. तरीच पाय जड पडून राहिले. थांबला तो. पेटी उघडली. काय निघालं?

शुभम : तलवार. पुऱ्या गेममध्ये चांगली एकच आहे. याच्या पुढं राक्षस.

मनकर्णाबाई : वळला माझ्याकडं. काय म्हणते... घे... तु... ले. बरोबर बोलते, बिसरामवानीच. खाली काय लिहिलं? न... को... दादा. तूच... ठेव. अन् दुसरं?

शुभम : दुसरं काय?

मनकर्णाबाई : तूच म्हटलं ना, आपण काय उत्तर देतो त्यावर पुढचं ठरते. इथं एकच उत्तर आहे.

शुभम : मोठं बटन दाब.

मनकर्णाबाई : दाबलं. परत म्हणून राहिला, ‘घे, तुले.’ परत खाली तेच. दाबलं. ‘घे, तुले.’ अरे, हा तर हात पुढं करून उभाच आहे. कधीचा उभा आहे हा?

शुभम : गेम इथंच अटकला आहे.

मनकर्णाबाई : ‘घेतो’ म्हणायचं कुठं आहे?

शुभम : नाही लिहिलं.

मनकर्णाबाई : काऊन?

शुभम : लिहून पाहिलं, माय. परवापासून तेच करून राहिलो. घेतली तर दादा पुढं काय म्हणन, ते सुचतच नाही. तसं कधी झालंच नाही ना. खेळताना तो चांगली तलवार माझ्याच थैलीत टाके. मी पाहो, तो पाणी प्यायले उठला का चूपचाप काढून त्याच्या थैलीत टाकून देओ.

मनकर्णाबाई : मग?

शुभम : मग काय, राक्षस आला का तो मले समोर पाठवे. त्याले वाटे माझ्यापाशी तलवार आहे. माझ्या हातात लाकडी काठी. मी पहिल्या फटक्यात खतम, मागून तो. म्हणे, ‘अबे शुभ्या, मी दिली होती ना बे!’ अन् उन्हाळाभर तेच.

रीता : आणि तरी तुम्ही तेच करायचे?

शुभम : तो मोठा होता.

रीता : माझ्या हातचा पहिला अनरसाही यांनी उचलून माझ्याच ताटात परत ठेवला होता, आई. मी रात्रभर विचार करत होते की बिघडला कुठं.

शुभम : तू खावा म्हणून ठेवला होता!

रीता : मग तसं बोलायचं ना.

मनकर्णाबाई : बारा वर्षांचा पोट्टा तुले सांगून गेला, ‘मी दिली होती ना.’ तू अजूनही काठी घेऊन उभा आहेस टेकरीवर.

शुभम : माय, घेतल्या असत्या त्या बांध्या तर गाव म्हणालं असतं, धाकट्यानं भावाले लुटलं.

मनकर्णाबाई : नाही घेतल्या तर गाव म्हणालं, मोठ्यानं पढवलं. गावाचं तोंड तलाव होय का, का पाळ घालून अडवशील? खरं सांग. गावापायी टेकरी नाही उचललीस तू.

शुभम : नेहमी तोच कायले देणार, माय? पुस्तकं त्याचे जुने, मले नवीन. सायकल आली, तो पायी, मी सायकलवर. बाबा गेल्यावर त्यानं कॉलेज सोडलं, मले शिकवलं. वाटणीच्या दिवशी वाटलं, एक खेप तरी मी देतो. एकच खेप. मले का इच्छा होत नाही?

रीता : आई?

मनकर्णाबाई : काही नाही. या पंख्यानं डोकं उठवलं. बंद कर तो डब्बा.

शुभम : बंद केला तर सेव्ह करावं लागते.

मनकर्णाबाई : मग कर. अन् ऐक. तुले द्यायचं होतं तर द्यायचं होतं काहीतरी. त्यानं मांडलेलं सरकवून दिलं, अन् म्हणते मी दिलं! देणारा तोच, कारण तो आधी जन्मला. मी तरी काय करू, दोघं एकाच दिवशी होत नव्हते.

शुभम : तू फोन लाव त्याले. मंडईले ये म्हणून सांग. मी बोलतो मग.

मनकर्णाबाई : आतापर्यंत या घरानं मंडईचं बलावणं फोनवर दिलं का कोणाले? दारात उभं राहून देते माणूस, पाणी पिते, मग निघते. दुपारची बस आहे गोंदियाची, तिथून फुलचूर चार पावलं. रीता, याचा धुतलेला शर्ट काढ. अन् तुझ्या जाऊसाठी, मंजूसाठी, लाखोळीची डाळ बांध. रायपूरले कुठं भेटते चांगली!

रीता : काढला.

शुभम : माय, मी गेलो अन् तो परत तेच म्हणाला तर? घे म्हणाला तर?

मनकर्णाबाई : तर ‘हो, दादा’ म्हणजो. अन् मग चूप बसून पाहजो तो काय म्हणते. तुले तेच लिहायचं होतं ना?

शुभम : अन् काहीच नाही म्हणाला तर?

मनकर्णाबाई : तर त्याच्या तोंडाकडं पाहजो. इकडं ये, कॉलर नीट कर. तुझा बाप गेला तेव्हापासून गाव मले म्हणते, मनकर्णाबाई, तुझा धाकटा भल्ला दिलदार, कोणाचं काही घेत नाही. मी ऐकून घेते. पण माझं म्हणणं आज तुझ्या तोंडावर सांगते : तू कंजूस आहेस, शुभम. तीन वर्षं झाले, तू त्याले मोठा भाऊ होऊ देऊन नाही राहिला.