राखून ठेवलेल्या वीस रात्री

(डब्लिन, २००३. विद्यापीठातली खोली, दुपार. सुमेधा पीएच.डी. करते; पद्मिनी तिची सीनियर.)

सुमेधा : म्हणजे या वीस रात्रींच्या टेपा ॲरिझोनाच्या दुर्बिणीवरून कधीच आल्या होत्या? आणि तुम्ही म्हणालात, शॅनन विमानतळावर कस्टमने अडवल्यात!

पद्मिनी : थाप बरी जमली होती ना?

सुमेधा : ताई, मी चिडलेय!

पद्मिनी : चीड की. आधी आकडा सांग.

सुमेधा : जुन्या वीस रात्रींत पाच सिग्मा. शोध म्हणून मिरवावा इतका सिग्नल. या वीस रात्रींत एक सिग्मासुद्धा नाही. तीच दीर्घिका, तीच चाळणी!

पद्मिनी : गॅमा निवडायची चाळणी ठरवलीस कशी?

सुमेधा : नेहमीसारखी. गॅमा किरणाने हवेत पाडलेल्या प्रकाशाचा ठसा बारीक, लांबट. वैश्विक प्रोटॉनचा फुगीर, फाटका. रुंदीची मर्यादा जरा कमी केली, सिग्नल वाढला. अजून कमी केली, अजून वाढला...

पद्मिनी : कुठल्या रात्री बघून?

सुमेधा : ...त्याच.

पद्मिनी : मुलगा बघून त्याची पत्रिका लिहिलीस, बाई. छत्तीस गुण जुळणारच! हजारो प्रोटॉनांत एखादा गॅमा. त्या गर्दीतून हवं ते गाळून काढता येतं.

सुमेधा : सहा वाजता हा निकाल कॉन्फरन्सला जाणार होता. बाबांनी तर नाशकात पेढे वाटले.

पद्मिनी : परत मागू नका म्हणावं.

सुमेधा : हसवू नका हो. मला सरळ बजावायचं ना!

पद्मिनी : मार्चमध्ये बजावलं. इथल्यांसारखं ‘ग्रँड, ग्रँड’, म्हणजे ‘ठीक, ठीक’, म्हणालीस आणि घरी जायला सँट्रीची बस पकडलीस. मग म्हटलं, चाळणी तपासायला अर्धा डेटा आपणच लपवावा.

सुमेधा : मी असंच करणार, हे तुम्हाला कसं कळलं?

पद्मिनी : मीही केलंय. माझं छापून आलं. अभिनंदनाचे फोन आले, सत्कार झाला. दोन वर्षांनी मीच पत्र लिहून ते मागे घेतलं.

सुमेधा : तेव्हा तुम्हाला असं सावध करणारं कोणी नव्हतं?

पद्मिनी : असतं तर छापलं असतं का? ते जाऊ दे. काय टाइप करतेयस एवढं?

सुमेधा : सरांना मेल. ‘माझा निकाल मागे घेते. पद्मिनीताईंनी वेळेत वाचवलं.’

पद्मिनी : दुसरं वाक्य काढ.

सुमेधा : नाही काढणार.