सांताच्या तोंडची वाक्यं

लतिका : ...आणि चेहरा जरा बरा कर. मुलगी सिनेमा दाखवतेय, तू ऑडिटला बसल्यासारखा काय बसलायस?

उपेंद्र : सिनेमा कसला, सहा मिनिटांचा मूकपट. आवाज नाही, रंग नाही. त्यात ख्रिसमस.

अस्मी : बाबा, इट्स ओव्हर अ हंड्रेड इयर्स ओल्ड! द कार्ड्स आर लॉस्ट. शहनाझ मिस सेड, राइट युअर ओन. इन युअर होम लँग्वेज.

लतिका : माणसं नुसते ओठ हलवतात आणि मधूनमधून पाटी येते ना, त्या पाट्या हिने लिहिल्यात. मराठीत!

उपेंद्र : हिने? परवा एकोणसाठ म्हणजे किती ते मला विचारत होती!

अस्मी : फिफ्टी-नाइन. वेट, टीव्हीला केबल लावते.

लतिका : ती केबलशी झटापट करतेय तोवर सांग. अजमानच्या त्या स्वस्त खोलीचं काय झालं?

उपेंद्र : इथे नको. ऐकेल.

लतिका : जड मराठीत बोल, झालं. नेहमीसारखं.

उपेंद्र : खोली मिळाली. आणखी तिघांबरोबर. तुम्हा दोघींची पुण्याची तिकिटं एकतीसची. नारळ मिळाल्याचं तिला गुरुवारच्या शाळेतल्या कार्यक्रमानंतर सांगू. तोवर आजीकडे सुट्टीला, एवढंच.

लतिका : आणि ती मैत्रिणींना जानेवारीत भेटू म्हणून सांगत सुटलीये.

उपेंद्र : मग काय करू? दुसरी चाकरी मिळेपर्यंत बिऱ्हाड हलवण्यावाचून इलाज आहे का?

अस्मी : यल्ला, फोन्स डाउन! इट्स स्टार्टिंग.

लतिका : अय्या, केवढं बर्फ! आणि ही पलंगावरची पोर... झोपलीये वाटतं.

अस्मी : प्रिटेंडिंग. वन आय ओपन, सी?

उपेंद्र : हा तिचा बाप. कापसाची दाढी लावून सांता होतोय.

लतिका : तू लावली होतीस तशीच. एका बाजूने लोंबतेय.

उपेंद्र : पाटी आली. ‘मला नारळ मिळाला.’ बर्फात नारळ! अगं अस्मी, ख्रिसमसला कुणी...

लतिका : उपेंद्र. हसू नकोस.

उपेंद्र : का?

लतिका : पुढची वाच.

उपेंद्र : ‘हिला एवढ्यात सांगायचं नाही.’ ...‘बिऱ्हाड हलवू. तुम्ही दोघी पुढे व्हा.’ हे... हे मी गाडीत बोललो होतो. अल ऐनहून येताना. ही तर मागे झोपली होती!

अस्मी : प्रिटेंडिंग.

लतिका : हेडफोन होते तुझ्या कानांत!

अस्मी : चार्जिंग संपलं होतं, आई.

लतिका : आणि तुला हे सगळे शब्द कळतात?

अस्मी : तुम्ही इंग्लिश मिक्स करून बोलता, तेव्हा काही खास नसतं. ग्रोसरी, होमवर्क, पार्किंग. सगळंच मराठी सुरू झालं की मी कान देते.

उपेंद्र : अस्मी... आम्ही सांगणारच होतो गं.

अस्मी : गुरुवारनंतर. माहितेय.

उपेंद्र : पण हे शाळेत, सगळ्यांसमोर?

लतिका : तिथे कुणाला कळतंय मराठी!

अस्मी : वर्गातल्या ओवीच्या आईला कळतं. मिस म्हणाल्या, आधी घरी दाखवा. तुम्हाला नको असेल तर बदलते. सगळीकडे ‘मेरी ख्रिसमस’ लिहिते.

(पडद्यावर सांता गाठोडं उचलतो.)

लतिका : चालला की तो. दाढी न काढताच.

उपेंद्र : बायको दारात काहीतरी विचारतेय.

लतिका : ‘आपण परत एकत्र कधी राहणार?’ ...हे माझं वाक्य आहे.

उपेंद्र : तो उत्तर देतोय. आणि ही पाटी तर कोरीच आहे. ही लिहायची राहिली का, बाळा?

अस्मी : नाही राहिली. तो बोलतोय. तू बोलला नव्हतास, बाबा. आईने विचारलं, तेव्हा तू रेडिओ मोठा केलास.