लेकीला न द्यायचा प्रसाद

लोपा: हात बाजूला कर, बोउ.

बोउ: नाही करणार.

लोपा: एक मंडा. एकच. परातभर उकडलेले मंडे आहेत आणि त्यातले निम्मे मी वळलेत.

बोउ: वळलेस, लक्ष्मी तुझं भलं करो. पण आता ते मंडे राहिले नाहीत, प्रसाद झालेत. मार्गशीर्षातल्या गुरुवारचा प्रसाद आईनं लेकीला द्यायचा नसतो.

लोपा: गेल्या वर्षीपर्यंत परातीतला पहिला मंडा माझा असायचा!

बोउ: गेल्या वर्षी तुझं लग्न झालं नव्हतं.

लोपा: भाउज, तू तरी सांग हिला काहीतरी. दादाची बायको आहेस, सून आहेस, तुझं ऐकेल.

बिजयिनी: माझ्या तोंडात घास आहे.

लोपा: चौथा!

बिजयिनी: बोउ वाढतात, मी खाते. आजचा प्रसाद उद्यावर ठेवायचा नाही, घराबाहेर द्यायचा नाही. तुझे दादा कामावर गेलेले. मग संपवायचा कुणी?

लोपा: ऐक, बोउ, ऐक. दोन वर्षांपूर्वी भद्रकहून आलेली ही घरची. आणि पंचवीस वर्षं मागच्या दारच्या विहिरीवर न्हालेली मी बाहेरची.

बिजयिनी: मी काय मागून घेतलं होतं का?

लोपा: तुझ्यावर नाही गं चिडले.

बोउ: हळू बोल. आज लक्ष्मी दारोदार फिरत असते. आवाज चढला की त्या घराच्या फाटकावरून परत फिरते.

लोपा: तिला फाटकातून आत कुणी आणलं? तुझा गुडघा धरलाय म्हणून काल सारवण मी केलं. तांबडं फुटायच्या आत गार पाण्यानं न्हाऊन अंगणात पिठाची झोटी मी काढली. तांदळाच्या पिठात बोटं बुडवून फाटकापासून पूजेतल्या माणापर्यंत, धानानं भरलेल्या त्या मापापर्यंत, तिची पावलं मी उमटवली, एक डावं, एक उजवं. पाठीचा काटा ढिला झाला. तिला घरात आणायला मी चालते, आणि ती येऊन बसली की मी परकी?

बोउ: पावलं सुबक निघालीत हं. तुळशीपाशी जरा मोठी झाली.

लोपा: बोउ!

बोउ: बरं, अशी घुश्श्यात नको बसू. तुझ्यासाठी वेगळी उकड काढते. तेच पीठ, तोच नारळ, तोच गूळ. फक्त तिच्यासमोर न नेलेलं.

लोपा: मला भूक लागलीय म्हणून मी भांडतेय, असं वाटतं का तुला?

बोउ: सकाळपासून पाण्याशिवाय पोटात काही नाही तुझ्या.

लोपा: उपास धरलाय म्हणून! प्रसादावर सोडायचा म्हणून!

बोउ: मला कुठे ठाऊक, तू धरलायस ते. अगं, प्रसाद लेकीच्या पोटात गेला की तिच्या पाठोपाठ लक्ष्मीही दुसऱ्या घरी जाते. हे मी नाही काढलेलं. मला माझ्या सासूबाईंनी सांगितलं, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी.

लोपा: कुठल्या दुसऱ्या घरी? राउरकेल्याला? तिथे आश्विनात आजेसासरे गेले. वर्षभर सण नाही. यंदा माणात धान भरलेलं नाही, पूजा मांडलेली नाही. तिथे सुतक, इथे मी परगोत्री. मग प्रसाद मी खाऊ कुठे? बसस्टँडवर?

बिजयिनी: बसस्टँडवर सगळ्यात कांदा घालतात.

लोपा: भाउज, तू नक्की कुणाच्या बाजूची?

बिजयिनी: मी घास गिळतेय.

लोपा: बरं. ते सगळं सोड. बोउ, पहाटे झोटी काढताना मी तुला काय सांगितलं?

बोउ: तुझी बदली झाली.

लोपा: कुठे?

बोउ: तळ्यापलीकडच्या गुरांच्या दवाखान्यात.

लोपा: ऐकून तू काय केलंस?

बोउ: रडले. आता आनंदानंही रडायचं नाही का? लग्नाला आठ महिने नाही झाले आणि लेक पुन्हा घरी येणार. जावईबापूही एवढे समजूतदार, जा म्हणाले. पंधरा दिवसांनी येत जाईन म्हणाले.

लोपा: मग नीट ऐक. एक तारखेपासून मी या घरात राहणार. सकाळी इथून निघणार, संध्याकाळी इथेच येणार. भात इथला, अंथरूण इथलं, डासही इथलेच. मग मार्गशीर्षातल्या गुरुवारी मी कोण?

बोउ: त्या दिवशी सासरी जाऊन यायचं.

लोपा: दर गुरुवारी?

बोउ: चार तर असतात. फार तर पाच.

लोपा: रात्रभराचा प्रवास आहे! साहेबांना काय सांगू? ‘उद्या कुणाची गाय अडली तर मला बोलावू नका, मला मंडा खायला राउरकेल्याला जायचंय’?

बोउ: गायीचं नाव तूच काढलंस म्हणून विचारते. काल संध्याकाळी साहूंच्या गायीला तू... म्हणजे शेजारीण सांगत होती... आत हात घातलास म्हणे?

लोपा: कोपराच्या वरपर्यंत. वासरू आडवं आलं होतं. अजून अर्धा तास गेला असता तर दोघंही गेली असती.

बोउ: आणि त्याच हातानं लक्ष्मीची पावलं काढलीस?

लोपा: धुतला की! तीनदा धुतला, औषधानं धुतला, नंतर न्हाले! आणि गाय म्हणजे लक्ष्मीच ना? की फक्त बाहेरून?

बिजयिनी: ठसका लागला. पाणी द्या कुणीतरी.

बोउ: हसू नकोस गं, बोहू. हे घे पाणी. ही पोर काहीही बोलते.

लोपा: काहीही नाही बोलत. डोळ्यांनी बघितलेलं बोलतेय. तुझ्या सासूबाई मंडे चुलीवर उकडायच्या. ओल्या सरपणाच्या धुरानं त्यांचे डोळे गेले. आता गॅसवर उकडतात. गॅस आला तेव्हा लक्ष्मी गेली का? माण वेताचं होतं, उंदरांनी कुरतडलं, तू बाजारातून पितळेचं आणलंस. तेव्हा गेली का? पोथी तुला चष्म्यातून दिसत नाही म्हणून मोबाइलवर लावतेस, मध्येच साबणाची जाहिरात लागते. त्या जाहिरातीलाही तू हात जोडून बसलेली असतेस! तेव्हाही नाही गेली. फक्त माझ्या पोटात मंडा गेला की जाते?

बोउ: जाहिरात कुठे संपते आणि पोथी कुठे सुरू होते, ते मला कळत नाही.

लोपा: जे जे बदललं ते सोयीनं बदललं, बोउ. लेकीचं आलं की तेवढं शास्त्र आठवतं.

बोउ: मला तुझ्यासारखा वाद नाही घालता येत.

लोपा: येत नाही म्हणतेस आणि दर वेळी तूच जिंकतेस.

बोउ: कुठे जिंकले? उपाशी तर तू बसलीयस.

लोपा: आता बसत पण नाही. माझी पिशवी कुठेय? दवाखान्यामागे एक खोली आहे. औषधांची खोकी भरलीत, पावसात एका कोपऱ्यात गळते. ती बघून येते. खोकी हलवली की एक खाट मावेल.

बोउ: त्या खोलीत? स्वतःचं घर शंभर पावलांवर असताना? लोक काय म्हणतील?

लोपा: लोकांना सांग, आम्ही लेकीला घरात राहू देतो, गुरुवार सोडून. मला एवढंच कळायला हवं, मी इथे राहणार आहे की उतरणार आहे. उतरलेल्या माणसाचा पाहुणचार चांगलाच होतो, बोउ. त्याला वेगळी उकड काढून देतात.

बोउ: लोपा, थांब.

लोपा: काय आता? जाताना फाटक लावून घेऊ?

बोउ: मला या घरासाठी भीती नाही वाटत.

लोपा: मग कुणासाठी वाटते?

बोउ: तुझ्यासाठी वाटते. माझं लग्न झालं त्या वर्षी मीही मार्गशीर्षात माहेरी होते. असाच गुरुवार. आईनं मंडे केले होते. तू भांडून मागतेस. मी तिच्या पायांशी बसून मागितला. तिला नाही म्हणवेना. तिनं पदराआडून दिला आणि मी भांड्यांच्या मांडणीमागे उकिडवी बसून खाल्ला.

लोपा: तू? तू खाल्लास?

बोउ: गरम होता. जीभ पोळली. पुढं पौषात खळ्यावर रचलेली धानाची गंजी पेटली. वर्षाचं धान. तीन दिवस धूर निघत होता.

लोपा: अगं, कुणाच्या तरी विडीनं पेटली असेल.

बोउ: विडीनंच पेटली. गडी स्वतः रडत रडत कबूल झाला. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

लोपा: मग झालं तर!

बोउ: काय झालं? तुझ्या मामीनं मला पाहिलं होतं मांडणीमागे. ती कधी एका शब्दानं बोलली नाही. जेवायला वाढायची, पाट द्यायची, नीट निरोप द्यायची. पण मी अंगणात पाऊल टाकलं की आत जाऊन धानाच्या कोठीचं दार लावून घ्यायची. कडीचा आवाज यायचा. अजून येतो. एकतीस वर्षं झाली.

लोपा: म्हणून आपण मामूकडे फक्त आंब्यांच्या दिवसांत जायचो?

बोउ: तेव्हा कोठीत फारसं काही नसतं.

लोपा: आणि तुझी आई? तिनं काही सांगितलं नाही मामीला?

बोउ: सांगितलं ना. मरेपर्यंत सांगत राहिली, ‘मीच दिला गं, तिनं मागितला नव्हता.’ खोटं बोलायची बिचारी, व्रत करणारी बाई. मी मागितला होता.

लोपा: मला हे कधीच बोलली नाहीस.

बोउ: सांगण्यासारखं काय आहे त्यात? तुला नाही म्हटलं की तू चिडतेस. खुशाल चीड. चिडलेली लेक परत येते. कडीचा आवाज ऐकलेली येत नाही.

बिजयिनी: मी बोलू का? आता तोंडात काही नाही.

बोउ: बोल गं.

बिजयिनी: त्या दिवशी तुमच्या वहिनीला कुणी विचारलं होतं? ‘नणंदेला एक मंडा द्यावासा वाटतोय, देऊ ना?’ असं?

बोउ: तिला कशाला कोण विचारणार? नवी सून होती.

बिजयिनी: तेच म्हणते मी. घरची म्हणून ताटात वाढलं, पण घरची म्हणून विचारलं नाही. मी तिच्या जागी असते तर मीही कडी लावली असती.

बोउ: बोहू!

बिजयिनी: रागवा हवं तर. सासूनं लपवून काही दिलेलं दिसलं की सुनेचं लक्ष आधी कोठीकडे जातं. मी माझ्यावरून सांगते. सकाळी लोपा म्हणाली, मी इथेच राहणार, तेव्हा तुम्ही रडलात. मी हसले. पण मनात आलंच माझ्या, आता या घरात मी कितवी?

लोपा: भाउज, अगं मला विचारायचं ना.

बिजयिनी: तू विचारलंस मला? ‘मी राहायला येतेय’ असं सांगितलंस. बोउंना. मी तिथेच पीठ मळत होते.

लोपा: चुकलं माझं.

बिजयिनी: असू दे. पण बोउ, पुढे हे माण मलाच मांडायचंय. मला विचारा. लपवून नको, हिच्या समोर विचारा.

बोउ: आणि उद्या काही झालं म्हणजे? गाय आटली, तुझ्या नवऱ्याची नोकरी गेली, पोराबाळांचं काही...

बिजयिनी: तर रडेन, दुसरं काय करणार. पण लोपानं खाल्लं म्हणून झालं, असं तोंडातून काढणार नाही. मनात आलं तरी काढणार नाही. गुरुवार आहे, परातीला हात लावून सांगते.

लोपा: राहू दे गं, भाउज. मला नकोच आता. खरंच नको. बोउला त्रास होतोय.

बिजयिनी: तू गप्प बस. सकाळपासून तूच बोलतेयस.



बोउ: बोहू, देऊ?

बिजयिनी: द्या.

बोउ: हात उठत नाही गं माझा.

बिजयिनी: मग मी देते. लोपा, पिशवी ठेव ती. हात पुढे कर. दोन्ही.

लोपा: बोउ?

बोउ: मी कुठे नाही म्हणतेय.

लोपा: ‘हो’ पण म्हणत नाहीयेस.

बोउ: आधी खाली बस. उभ्यानं खातात ती निघालेली माणसं.