भिंतीमागच्या मुंग्या

शुद्धलेखन चुकलं असन तं माफ करा, सातवीतच शाळा सुटली माही, शब्दबी साधेच हायेत, चार माणसांत बोलाची सवय नाई... पण चोर? माह्या मुखरूभाऊले चोर म्हणावं? ज्यानं लोकाच्या झाडाखाली पडलेला आंबा कधी उचलला नाई, तो गूळचोर? मंग मी काऊन गप राहू?

तुम्हाले सांगतो, गोंडपिपरीच्या रस्त्यावर आमची राइस मिल. आमची म्हणजे हरिदास शेठची, आमचा नुसता घाम! तिथी धान उकडाची भट्टी, अन भट्टीवर माहा मोठा भाऊ मुखरू. वर टिनाचं छप्पर, समोर कोंड्याचा जाळ, बाहेर सत्त्याऐंशीचा मे महिना... अन खिडकी? खिडकी नाई! पंखा हाये, एकच, तो शेठच्या गादीवर फिरते. भाऊ दुपारच्या उन्हात येऊन उभा राहे, म्हणे, "आहाहा, काय गार हाये!" बोला आता!

मागं एक गडी चक्कर येऊन पडला, तवा गड्यांनी शेठले म्हणलं, भिंतीले खिडकी पाडा. शेठ म्हणे, "खिडकी कायले? गूळपाणी सुरू करतो! गूळपाण्यानं ऊन लागत नाई." झालं, भट्टीच्या दाराशी रांजण आला. भाऊ लोटाभर पिये, फावड्यानं भट्टीत कोंडा लोटे, पुन्हा पिये. शेठ खूश! "पी, मुखरू, पी! भट्टीवर तहान तं लागनच!"

औंदा भाऊ वाळत चालला. पॅन्ट कमरेवर राहीना, सुतळीनं बांधे. घरी आला का पाणीच पाणी. भागीरथा वहिनी वैतागे, "मी काय तुमच्या एकट्यासाठी घागरी भरून राह्यली का?" मी म्हणे, वहिनी, भट्टीवर तहान तं लागनच ना! अन भाऊ घडीघडी मिलच्या भिंतीमागं जाये. आता मले सांगा, एवढा घाम निघते, तं माणसाले एवढी लघवी होईन कशी? पण इचारते कोण?

इचारलं मुंग्यांनी!

एक दिवस शेठ भिंतीमागं गेला, तं मुंग्यांची ही रांग! शेठनं डोस्कं लावलं... मुंग्या म्हणजे गूळ, गूळ म्हणजे चोरी, अन चोरी म्हणजे घडीघडी तिकडं जाणारा मुखरू! साऱ्या गड्यांसमोर ओरडला, "काऊन रे मुखरू, गुळाची भेली कुठी गाडली?" भाऊ म्हणे, "शेठ, मी तं लघवीले जातो जी." "लघवीले मुंग्या लागते का बे?" सारे हासले. अन शेठनं ती जागा खणाले लावली... कोणाले? माह्या भावाले! भर उन्हात माणूस आपल्याच मुतात गूळ शोधून राह्यला! खणता खणता तिथीच पडला.

एष्टीत घालून चंद्रपूरले नेला. डॉक्टर म्हणे, "यांना मधुमेह आहे. तहान फार लागायची का?" मी म्हणाले गेलो, भट्टीवर तहान तं लागनच... अन ते अर्ध्यातच सोडून इचारलं, "भट्टीनं होते का जी हे?" डॉक्टर म्हणे, "भट्टीमुळेच झाला असं सांगता येत नाही. पण अंगातलं पाणी आटलं की साखर चढते, आणि वर तुम्ही गूळ पाजताय! गूळ बंद. यांना थंड जागी काम द्या."

थंड जागी! मे महिन्यात! आमच्या जिल्ह्यात! डॉक्टरच्याच नाकावरून घाम टपकून राह्यला होता.

परत आलो, शेठले म्हणलं, "शेठ, चोरी नाई, बिमारी हाये. तुम्ही पाजलेला गूळच त्याच्या अंगातून जाऊन राह्यला होता." वाटलं, आता तरी शरमन. शेठ म्हणे, "म्हणजे गूळ गेला तं माहाच ना!"

अन वरून म्हणे, "बिमार माणूस भट्टीवर नाई पाह्यजे." म्हणलं, पंख्याखाली बसवा, पोत्यांवर नजर ठेवन. "तिथी जागा नाई. घरचा दुसरा असन तं उद्या धाड, नाईतं मी नवा गडी लावतो."

घरी भाऊ खाटेवर. वहिनी त्याच्याकडं पाहे, मंग माह्याकडं. मी मनातल्या मनात शेठले काय काय बोललो, तुम्हाले सांगतो! सारं पाठ केलं, असंच, आता तुमच्यापुढं बोललो तसंच...

सकाळी मिलमध्ये गेलो. शेठनं माहा दंड दाबून पाह्यला, "वा रे वा, मजबूत हाये! मुखरूबी पह्यले असाच होता."

असं रगत उसळलं जी! छाती ताणली, तोंड उघडलं, अन म्हणलं, "शेठ... फावडं कुठी हाये?"