डाव्या हाताचा कॅमेरा

अनुपम : नाही येत काका. डाव्या हाताचा कॅमेरा जगात कोणीच बनवत नाही. सगळ्यांचं बटण उजवीकडेच.

हेमचंद्र : एवढे डावखुरे आहेत दुनियेत. ते काय करतात?

अनुपम : उजव्यानेच काढतात, सवय होते. तुमचा हात बांधलेला आहे म्हणून आता तसं वाटून राहिलं. बँडेज सुटलं की बोट चालेल.

संपदा : नाही चालणार, अनुपम भैया. डॉक्टर म्हणाले, अंगठ्याजवळचं बोट आता वाकणार नाही.

हेमचंद्र : 'कदाचित' म्हणाले ते.

संपदा : कदाचित थोडं हलेल, असं म्हणाले बाबा. वाकेल असं नाही. तुम्ही उलटं ऐकता.

अनुपम : अच्छा, एवढं लागलं? मला वाटलं मुरगळलं असेल. झालं काय पण?

हेमचंद्र : शटर सुटलं. स्टुडिओचं. स्प्रिंग जुनी झाली होती, हात खाली होता. तू कॅमेरा दाखव ना. आणि मला नको, संपदाला पाहिजे. रांझीहून दोन बस बदलून आलो, हाताची चौकशी करायला नाही आलो.

अनुपम : आणि जुना कॅमेरा? माझ्याच हाताने दिला होता मी तुम्हाला. दहा वर्षं झाली नसतील.

हेमचंद्र : तो पण गेला. त्याच दिवशी.

अनुपम : शटरखाली?

हेमचंद्र : हाव.

संपदा : मला रोजच्या फोटोंसाठी पाहिजे, भैया. रोज हाताळता येईल, पर्समध्ये मावेल असा.

अनुपम : चलो, मग मिररलेसच घे. रोजचे म्हणजे लग्नं, बारशी, फॅक्टरीवाल्यांचे पासपोर्ट फोटो, तेच ना?

हेमचंद्र : तेच. आणि रविवारी पक्षी वगैरे. दुरून काढायचे.

संपदा : जवळून काढायचे.

अनुपम : दोघं आधी घरून ठरवून येत जा. बरं, ही बॉडी धर हातात. अशी. किती हलकी आहे पाहा. आणि ही दुसरी बॉडी, जरा जड, पण कार्डं दोन लागतात. एक बिघडलं तरी दुसऱ्यात फोटो राहतो. तुला कोणती बॉडी…

हेमचंद्र : तू ते बॉडी बॉडी नको करू अनुपम.

अनुपम : मग काय म्हणू काका? लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याला बॉडीच म्हणतात.

हेमचंद्र : माहीत आहे. पण माझ्या कानाला त्याचा एकच अर्थ आहे. सकाळी चहा हातात असताना पोलीस ठाण्याचा फोन यायचा, "हेमचंद्रजी, बॉडी मिली है, कैमरा लेके आ जाओ." तीस वर्षं हेच. कोणी नाल्यात, कोणी रुळावर, कोणी आपल्याच पलंगावर. सुरी मारलेले, जाळलेले, कुऱ्हाडीने तोडलेले. दुपारी तोच कॅमेरा घेऊन बारशाला जायचो.

अनुपम : हो, ते विसरलोच मी. बरं, कॅमेरा म्हणतो. डोळ्याला लावा ना काका, तुम्हीच पाहा. जुन्यात आत आरसा असायचा. फोटो निघताना तो उचलला जायचा, म्हणून खट्ट वाजायचं आणि पापणी लवेल एवढा वेळ अंधार यायचा. यात आरसाच नाही. अंधार नाही. सगळं सलग दिसत राहतं.

हेमचंद्र : म्हणजे बटण दाबताना पण दिसतं?

अनुपम : पूर्ण वेळ. तेच तर त्याचं कौतुक.

हेमचंद्र : मला तो अंधार बरा वाटायचा. समोर काहीही पडलेलं असलं तरी, जेव्हा फोटो निघायचा, तेव्हा ते मला दिसायचं नाही. तेवढीच सुट्टी.

संपदा : मला नको सुट्टी. भैया, लेन्स दाखवा.

अनुपम : ही झूम. एकच लेन्स, सगळी कामं. दूरचं माणूस पाऊल न उचलता जवळ येतं. 

हेमचंद्र : हीच दे. दारात उभं राहून काम होते.

संपदा : तुम्ही कधी दारात उभं राहून काढला फोटो?

हेमचंद्र : काढायला पाहिजे होता.

संपदा : भैया, मॅक्रो. अगदी जवळची.

अनुपम : आहे ना. पण रोजच्या कामाला मॅक्रो कोण घेतं? याने मुंगीचे पाय मोजता येतात. अंगठ्या, मंगळसूत्र, फुलं, यासाठी घेतात लोक.

संपदा : रंग खरे येतात का हिच्यात? निळा, जांभळा. कातडीवरचा.

अनुपम : कातडीवरचा जांभळा? म्हणजे गोंदण?

संपदा : नाही.

हेमचंद्र : संपदा, झूम घे आणि चल. माझं ड्रेसिंग व्हायचं आहे. दवाखाना बंद होईल.

संपदा : ड्रेसिंग व्हायचं आहे म्हणूनच आज आणलं तुम्हाला.

(शेजारच्या दुकानाचं शटर धाडकन खाली येतं.)

अनुपम : हा शेजारी दुपारी जेवायला जातो ना, तर सगळ्या बाजाराला सांगून जातो. अरे, काका? काका, खाली काहून बसले?

हेमचंद्र : काही नाही. लेन्सचं झाकण पडलं. ते पाहून राहिलो.

संपदा : झाकण माझ्या हातात आहे बाबा.

हेमचंद्र : मग दुसरं काही असेल.

संपदा : उठा. माझा हात धरा. अनुपम भैया, खुर्ची द्या त्यांना. आणि ऐका. आमचं शटर सुटलं नव्हतं.

हेमचंद्र : संपदा, गप बस.

संपदा : आठ दिवस गप आहे. स्टुडिओचं शटर आता मी उघडते, मीच लावते. तेवढ्या वेळात बाबा घरात जाऊन टीव्ही मोठा करतात. त्या दिवशी मोटरसायकलवरून उतरणारे पोट्टे बघितले, आणि यांनी मला मागच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी लावली. मला दिसलं काहीच नाही, सगळं ऐकू आलं. आधी यांना मारलं. मग कॅमेरा फोडला. मग एकजण अगदी आदराने विचारत होता, "अंकल, कौन सी उंगली से बटन दबाते हो?" आणि मग शटर. मग ते वर ओढलं. परत शटर. परत वर ओढलं.

हेमचंद्र : स्प्रिंग जुनी होती ती.

संपदा : पडलेलं शटर एकदाच वाजतं, बाबा.

अनुपम : हे ठाण्यात सांगितलं का नाही काका? तुम्हाला तर तिथे सगळे ओळखतात.

हेमचंद्र : सांगितलं ना. शटर सुटलं म्हणून सांगितलं.

अनुपम : पण काहून? कोण होते ते?

हेमचंद्र : मागच्या वर्षीची एक मुलगी आहे. होती. सासरचे म्हणाले, पंख्याला लटकली. मी पोचलो तर फरशीवर ठेवली होती, गळ्यापर्यंत चादर. सासरा म्हणाला, दारातूनच काढा, घराची इज्जत आहे. मी जवळ गेलो. शिपायाने चादर खाली केली आणि मी वाकून गळ्याचा फोटो घेतला. दोरीचा वळ होता तो होताच. त्याच्या खाली बोटं होती. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला, कोणी मोजून ठेवल्यासारखी. तो फोटो आता कोर्टात आहे. तिच्या गळ्यावर बोटं निघाली, म्हणून माझ्या बोटांवर आले.

संपदा : पुढच्या महिन्यात बाबांना बोलावलं आहे. एवढंच विचारणार आहेत, हा फोटो तुम्हीच काढला का. 

हेमचंद्र : आठवत नाही म्हणून सांगीन.

संपदा : नाही आठवत?

हेमचंद्र : तिच्या एका कानात बाळी नव्हती, ते पण आठवते.

अनुपम : मग काका?

हेमचंद्र : जाताना त्यातला एक थांबला. मी जमिनीवर पडलेलो. त्याने त्या कडी लावलेल्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाला, "बिटिया भी फोटो खींचती है ना?" आता तू सांग अनुपम. तुलाही पोरगी आहे. तू काय सांगितलं असतं ठाण्यात?

अनुपम : खरं सांगू? मी पण शटर सुटलं म्हणूनच सांगितलं असतं.

हेमचंद्र : ऐकलं?

संपदा : ऐकलं. म्हणजे माझी बोटं वाचली पाहिजेत.

हेमचंद्र : हो. सगळी. तुला राग येऊन राहिला तर येऊ दे.

संपदा : येतोच आहे. कडी लावून कोंडलं, आता दूरची लेन्स घेऊन देऊन कोंडता. त्या खोलीत मी दारावर डोकं आपटत होते बाबा. तुम्ही ओरडलात, तो आवाज मला रोज ऐकू येतो. तुम्ही कोर्टात आठवत नाही म्हणालात तर तो आवाज मी कुठे ठेवू? किती वर्षांची होती ती?

हेमचंद्र : तुझ्याहून लहान.

संपदा : हात काउंटरवर ठेवा.

हेमचंद्र : कशाला?

संपदा : बँडेज सोडते. 

हेमचंद्र : नको. इथे नको.

अनुपम : संपदा, फोटोच पाहिजे तर फोनने काढ ना.

संपदा : घरी काढत होते तर यांनी फोन ढकलून दिला. आणि फोन जखमेलाही गोरं करतो, भैया. ते यांनीच मला शिकवलं. बाबा, निळं होतं ते आता पिवळं पडायला लागलं आहे. अजून काही दिवसांनी काहीच उरणार नाही. मग खरंच शटर सुटलं होतं. मग ते म्हणतील तेच झालं होतं.

अनुपम : मी काचेचं दार लावून घेतो काका. शटर नाही ओढत. फक्त दार लावतो, आणि पडदा.

संपदा : दुखलं तर सांगा.

हेमचंद्र : दुखणारच आहे. तू सोड.

अनुपम : अरे देवा. नख कुठे गेलं? आणि या रेषा कशाच्या आहेत, या आडव्या?

संपदा : शटरची खालची कड. ही मुठीवर, ही बोटांच्या मधोमध, ही पेरावर. एकदाच पडलं असतं तर एकच रेष असती. भैया, ती दोन कार्डंवाली द्या. मॅक्रो लावून द्या.

अनुपम : दोन्ही कार्डं नवीन घातली आहेत. घे. बॅटरी भरलेली आहे. थांब, याचा आवाज बंद करून देतो. यात होतं तसं, अजिबात वाजत नाही.

संपदा : हो, करा बंद. बाबांना त्रास नको.

हेमचंद्र : राहू दे वाजू. निघाला की नाही, ते मला कळायला पाहिजे.

संपदा : बरं. हलवू नका हात.

हेमचंद्र : थांब. असं नाही करत. अनुपम, मोजपट्टी आहे का तुझ्याकडे? इथे ठेव, हाताच्या बाजूला, रेषांना चिकटून. आणि संपदा, ती मॅक्रो काढ. ती शेवटी.

संपदा : मग आधी कोणती?

हेमचंद्र : झूम लाव आणि दोन पावलं मागे जा. पहिल्या फोटोत माझा चेहरा आला पाहिजे. नाहीतर वकील विचारेल, हा हात कोणाचा.