साबणाचं पाणी

भाजलेल्यांच्या वॉर्डाबाहेर नर्स औषधांची यादी लिहीत होती. समोरच्या बाकावर दोघे भाऊ बसले होते आणि त्यांच्या मधे थोरल्याच्या बायकोच्या चपला होत्या.

"फोनवर सांगितलं होतं ना तुला, आधी साबणाचं पाणी लाव म्हणून?"

"लावलं ना, दादा. सिलिंडरपासून पार बार्बेक्यूच्या ग्रिलपर्यंत. वर्षभर अंगणात पडून होतं, नळीवर बोटभर धूळ."

"मग?"

"मग काय, छान फेस आला."

"कुठे?"

"नळीच्या जोडावर. बुडबुडे थांबेचनात. म्हटलं, साबण जास्त झाला. फडक्याने पुसून काढलं."

"अरे, बुडबुडे म्हणजे गॅस! गळती कळावी म्हणून लावतात ते पाणी!"

"तू नुसतं 'लाव' म्हणालास. मला वाटलं, धुवायला."

नर्सने मान वर केली नाही. पेन मात्र थांबलं.

"तुझ्या वहिनीने काही विचारलं नाही?"

"विचारलं की. काडी ओढायच्या आधी म्हणाल्या, 'भाऊजी, नीट बघितलंत ना?'"

"मग?"

"मी म्हटलं, वहिनी, बिनधास्त पेटवा. आरशासारखं लख्ख केलंय."